तांदळातले नाव आणि काचेपलीकडचा साहेब

लेकीला अमेरिकेचे स्थळ मिळाले की घरात पेढे येतात. पण अक्षता पडल्यावर सासरी पोहोचायला कधी वर्ष, कधी दोन, कधी त्याहून जास्त लागतात. मधल्या काळात नवविवाहितेच्या सोबतीला असते एक जाडजूड फाइल...

मुंबईतले वांद्रे-कुर्ला संकुल. सकाळचे सात वाजायचे आहेत. बँकांच्या काचेच्या इमारतींना अजून जाग आलेली नाही, पण अमेरिकन वकिलातीच्या भिंतीलगत माणसे जमू लागली आहेत. टाय सारखा करणारे विद्यार्थी आहेत, नातवाच्या ओढीने निघालेले आजी-आजोबा आहेत. आणि त्यांच्यात एक चेहरा लगेच ओळखू येतो. ठेवणीतला पण साधा पंजाबी ड्रेस, गळ्यात मंगळसूत्र, छातीशी धरलेली फाइल आणि दोन पावले मागे काळजीने उभे असलेले वडील.

अशीच एक मुलगी कराडहून रात्रीच्या एसटीने आली होती. लग्न होऊन बावीस महिने झाले होते. त्यातले नवऱ्याबरोबर काढलेले दिवस मोजले तर लग्नानंतरचे अठरा आणि पुढच्या दिवाळीतले बारा. एकूण एक महिना! बाकीचा संसार फोनवर. रोज सकाळी साडेसहाला फोन वाजायचा, तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असायचे आणि थंडीत तिकडची घड्याळे मागे गेली की आठ. सासूबाईंनी कपात चहा ओतायचा आणि तिने फोन घेऊन गच्चीवर जायचे, हा दोन्ही घरांचा शिरस्ताच होऊन गेला होता.

गेटाशी वडिलांनी शेवटची सूचना दिली, "हे बघ, साहेबानं जावईबापूंचं नाव विचारलं तर सरळ सांग. इथं उखाणा घ्यायचा नाही." ती हसली आणि एकटीच आत गेली. मोबाइल, पिशवी, डबा काहीही आत नेता येत नाही. वडिलांनाही नाही.

आधी विचारायचा प्रश्न

अमेरिकेतल्या स्थळाची चौकशी करताना आपण पगार विचारतो, घर स्वतःचे की भाड्याचे ते विचारतो, पत्रिका तर जुळवतोच. पण जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा तो बहुतेक घरांत लग्न ठरल्यानंतर निघतो. मुलगा अमेरिकेचा नागरिक आहे, ग्रीन कार्डवाला आहे, की नोकरीच्या व्हिसावर आहे?

या तीन उत्तरांचे तीन निराळे संसार होतात. मुलगा नागरिक असेल तर पत्नीसाठी वार्षिक कोटा नाही. अर्जाची छाननी होईल तेवढाच वेळ. मुलगा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर पत्नीला एच-४ हा अवलंबितांचा व्हिसा मिळतो. तो त्या मानाने लवकर हाती येतो, पण त्यावर पूर्वी नोकरी करता येत नसे. शिकलेल्या, चांगल्या पगाराच्या मुली तिकडे जाऊन वर्षानुवर्षे घरी बसल्या. मे २०१५ पासून त्यातल्या काहींना, म्हणजे ज्यांच्या नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया एका टप्प्याच्या पुढे गेली आहे अशांना, कामाचा परवाना मिळू लागला.

खरी गोची ग्रीन कार्डवाल्याची. ऐकायला हे स्थळ नोकरीच्या व्हिसावाल्यापेक्षा भक्कम वाटते. पण ग्रीन कार्ड हातात आल्यावर मुलाने लग्न केले, तर पत्नीला कोट्याच्या रांगेत उभे राहावे लागते. या वर्गात पत्नी, पती आणि लहान मुले मिळून साऱ्या जगासाठी वर्षाला सुमारे ८८ हजार व्हिसा असतात. रांग कधी आखूड होते, कधी वाढते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती इतकी लांबली होती, की कुटुंबांची ही ताटातूट कमी करायला अमेरिकन काँग्रेसने डिसेंबर २००० मध्ये एक खास कायदा केला आणि तीन वर्षे वा अधिक काळ वाट पाहणाऱ्यांना तात्पुरते येऊन राहण्याची सोय दिली. ती सोयही त्या तारखेपूर्वी अर्ज केलेल्यांपुरतीच होती.

गंमत अशी, की त्याच मुलाने ग्रीन कार्ड मिळण्याच्या आधी लग्न केले असते, तर नोकरीतून मिळालेल्या त्याच्या कार्डाच्या पाठोपाठ पत्नीलाही जाता आले असते. म्हणजे मुहूर्त पंचांगात पाहायचा तसा इमिग्रेशनच्या कागदांतही पाहायला हवा! काही महिन्यांच्या फरकाने नवरा-बायकोच्या आयुष्यातली काही वर्षे इकडची तिकडे होतात.

मग मधल्या काळात पर्यटक व्हिसावर जाऊन येता येत नाही का? कायद्याने बंदी नाही. पण तो व्हिसा मागणाऱ्याने आपण परत येणार हे पटवून द्यायचे असते, आणि नवरा तिकडे, कायम राहण्याचा अर्ज तिकडे, अशा मुलीवर कोणता अधिकारी विश्वास ठेवील?

चार कागद, तीन नावे

कराडच्या मुलीचा नवरा नागरिक होता. त्याने 'आय-१३०' हा अर्ज तिकडेच केला. ही माझी पत्नी, आमचे लग्न खरे आहे, असे सांगणारा हा अर्ज. २०२४ च्या एप्रिलपासून त्याची फी कागदावर केल्यास ६७५ डॉलर आणि संगणकावरून केल्यास ६२५ डॉलर झाली. तो मंजूर झाला की प्रकरण न्यू हॅम्पशायर राज्यातल्या 'नॅशनल व्हिसा सेंटर'कडे जाते. तिथे आणखी फी भरायची, 'डीएस-२६०' हा लांबलचक अर्ज भरायचा आणि दाखले पाठवायचे. ते पूर्ण झाले की मुंबईची तारीख मिळते. भारतातून कायमचे जाणाऱ्यांचे बहुतेक व्हिसा मुंबईतच होत असल्याने इंदूर, बडोदा, हैदराबाद, लुधियाना अशा साऱ्या गावच्या सुना वांद्र्याला येतात.

कागद तसे मोजकेच. जन्माचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला, पासपोर्ट कार्यालयातून मिळणारा पोलिसांचा ना-हरकत दाखला, आधी लग्न झाले असल्यास घटस्फोटाचा हुकूम किंवा मृत्यूचा दाखला. पण या चार कागदांवर एकच नाव सापडणे हे मराठी घरात किती अवघड आहे, याची कल्पना वॉशिंग्टनमध्ये बसून कायदे करणाऱ्यांना नसावी.

जन्माच्या दाखल्यावर पुष्कळदा बाळाचे नावच नसते, कारण बारसे व्हायच्या आधी नोंद झालेली असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलीचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. लग्न झाले की मधले नाव नवऱ्याचे, शेवटचे सासरचे. आणि कित्येक घरांत आजही ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव लिहितात, तेव्हा मुलीचे पहिले नावही बदलते. शिवाय आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग म्हणजे ज्याची त्याची हौस. वडिलांच्या पासपोर्टवर 'व्ही', मुलीच्या दाखल्यावर 'डब्ल्यू', एका कागदावर शेवटी 'ई' तर दुसऱ्यावर नाही.

कराडच्या घरातही तेच झाले. विवाह नोंदणीच्या वेळी सगळे आनंदात होते. अर्ज भरणाऱ्याने विचारले, "वधूचं नाव?" आणि सासूबाईंनी कौतुकाने तांदळातले नाव सांगितले. दाखल्यावर तेच उमटले. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा. जन्मदाखल्यावर नुसते 'मुलगी'. तीन कागद आणि एकमेकींना न ओळखणाऱ्या तीन बाया! जन्मनोंदीत नाव घालायला नगरपालिकेत चार हेलपाटे झाले. विवाहाच्या दाखल्यासाठी मात्र कोणीतरी सांगितले, "नोटरीकडून एक प्रतिज्ञापत्र करा, चालतंय." ते केले आणि सगळे निर्धास्त झाले.

ज्यांच्या जन्माची नोंदच झालेली नाही, त्यांना नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला नगरपालिकेकडून वा ग्रामपंचायतीकडून घ्यावा लागतो आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात.

नवऱ्याची सही

फाइलमधल्या एका कागदाकडे मुलीकडची मंडळी सहसा लक्ष देत नाहीत. तो 'आय-८६४'. पत्नी सरकारी मदतीवर अवलंबून राहणार नाही, याची हमी नवऱ्याने द्यायची असते. त्याचे उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी लागते. २०२५ च्या आकड्यांनुसार दोघांच्या घराला वर्षाला साधारण २६,४०० डॉलर. कमी पडले तर दुसरा कोणी जोडीने हमी देऊ शकतो.

डिसेंबर १९९७ पासून ही हमी कायद्याने वसूल करता येणारा करार आहे. पत्नी नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमेपर्यंत, किंवा ती कायमची देश सोडेपर्यंत तो चालू राहतो. घटस्फोटाने तो संपत नाही! ज्या घरात मुलगी द्यायची त्या घराने आपल्या सहीने काय कबूल केले आहे, हे मुलीच्या वडिलांनी एकदा वाचून घ्यावे. सोनेनाण्याची यादी जितक्या बारकाईने करतो, तितक्या बारकाईने.

लग्नाचा खरेखोटेपणा तपासण्याचा हा सारा खटाटोप १९८६ च्या कायद्याने कडक झाला. नुसत्या कार्डासाठी केलेली लग्ने रोखायची म्हणून असा नियम आला, की अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर मिळणारे कार्ड दोनच वर्षांचे, सशर्त. ती मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा, संसार चालू असल्याचे पुरावे द्यायचे, तेव्हा शर्त उठते. दोन वर्षे झालेली असतील तर थेट दहा वर्षांचे कार्ड. आणि लग्न खोटे ठरले तर पुढे दुसऱ्या कोणाशी खरे लग्न केले तरी दार बंद.

'मिळून अर्ज' या दोन शब्दांत अनेक मुलींची कोंडी झाली. "सही करणार नाही, मग बघतो कशी राहतेस," ही धमकी काही घरांत मारहाणीपेक्षा परिणामकारक ठरली. पण संसार खऱ्या भावनेने मांडला होता आणि घटस्फोट झाला, किंवा नवऱ्याने छळ केला, तर पत्नी एकटी अर्ज करू शकते. नवऱ्याची सही लागत नाही. निघण्यापूर्वी मुलीला ही एक गोष्ट माहीत असावी. इकडे राष्ट्रीय महिला आयोगात परदेशस्थ भारतीयांच्या विवाहांतील तक्रारींसाठी २००९ पासून खास कक्ष आहे. अर्थात नवरा एकदा का लग्न करून गेला आणि अर्जच करीना, तर वकिलातीचा साहेब काही करू शकत नाही. अर्ज करणे हा नवऱ्याचा हक्क आहे, पत्नीचा नव्हे.

तेव्हा दारच नव्हते

या रांगेचा कंटाळा येतो खरा, पण एके काळी रांगच नव्हती, कारण दार नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून कॅलिफोर्नियात गेलेल्या शेतकऱ्यांना १९१७ च्या कायद्यानंतर गावाकडून बायका आणता आल्या नाहीत. इंपीरियल व्हॅलीत त्यातल्या अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. घरात एकीकडे रोटी, एकीकडे तोर्तिया अशी शेकडो कुटुंबे उभी राहिली. काहींच्या बायका पंजाबात वाट पाहतच म्हाताऱ्या झाल्या. १९४६ मध्ये भारतीयांना वर्षाला १०० जागांचा कोटा मिळाला. सगळ्या हिंदुस्थानाला शंभर! १९६५ च्या कायद्याने देशवार भेदभाव मोडला, तेव्हा कुठे आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर आणि मागोमाग त्यांच्या बायका जाऊ लागल्या. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यक शिकायला एकट्या गेल्या आणि गोपाळराव मागे राहिले, पण त्यांना अडवायला त्या काळी व्हिसा नव्हता.

मुंबईतली वकिलात २०११ पर्यंत ब्रीच कँडीला, वांकानेर संस्थानाच्या जुन्या राजवाड्यात, लिंकन हाउसमध्ये होती. समोरच्या फूटपाथवर पहाटेपासून रांग लागायची. कायम जाणारे तेव्हा छातीच्या एक्स-रेची भलीमोठी फिल्म विमानात काखेत घेऊन जात. आता बोटांचे ठसे आधी अर्ज केंद्रात घेतात आणि बरेचसे कागद संगणकावरूनच पुढे जातात. वैद्यकीय तपासणी मात्र आहेच, आणि तीही वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. छातीचा एक्स-रे, रक्ताची तपासणी आणि गोवर, कांजिण्या, धनुर्वात, कावीळ-ब अशा लसी. लहानपणीचे लसीचे कार्ड ज्या आईने जपून ठेवले असेल, तिचे त्या दिवशी आभार मानावेत. बऱ्याच सुया वाचतात.

"ही बाई कोण?"

आत गेल्यावर नंबर येईपर्यंत दीड तास गेला. खिडकीपाशी काचेपलीकडे एक तरुण अधिकारी होता. मुलाखत मराठीतून, हिंदीतून वा गुजरातीतूनही देता येते. तिने मराठी निवडली. उजवा हात वर करून खरे बोलण्याची शपथ घेतली आणि प्रश्न सुरू झाले. स्थळ कोणी आणले? पहिल्यांदा कुठे भेटलात? किती वेळ बोललात? ते काय काम करतात? घरात आणखी कोण राहते? तुमच्याआधी त्यांचे लग्न झाले होते का? लग्नाला तिकडून कोण आले होते?

आईवडिलांनी ठरवलेले लग्न या अधिकाऱ्यांना नवीन नाही. पत्रिका, बघण्याचा कार्यक्रम, पंधरा दिवसांत बार उडवणे हे त्यांना ठाऊक असते. त्यांच्या मनात शंका येते ती निराळ्या गोष्टींनी. वयात फार अंतर, घाईचे लग्न आणि समारंभ नाही, फोटोत एका बाजूची माणसेच नाहीत, नुकताच झालेला घटस्फोट. यातले काही असले म्हणजे लग्न खोटे असे नव्हे, पण त्याचे कारण सांगता यायला हवे. एजंटाने पाठ करून घेतलेली उत्तरे इथे घात करतात. नवऱ्याचा पगार डॉलरपर्यंत अचूक सांगणारी मुलगी तो सकाळी चहा पितो की कॉफी यावर अडखळली, तर पलीकडची भुवई वर जाते. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणावे.

अधिकाऱ्याने लग्नाचे फोटो मागितले. एका फोटोवर बोट ठेवून विचारले, "ही बाई कोण? ही का रागावलेली आहे?"

"ह्यांच्या आत्या," ती म्हणाली. "मानाची साडी मनासारखी मिळाली नाही म्हणून रुसल्या होत्या."

साहेब हसला. असल्या रुसलेल्या आत्या पैसे देऊन उभ्या करता येत नाहीत, हे त्यालाही कळत असावे. पण मग त्याने विवाहाचा दाखला उचलला, पासपोर्ट उचलला, दोन्ही शेजारी धरले. प्रतिज्ञापत्र वाचले. आणि एक छापील कागद खिडकीखालून सरकवला.

तो कागद म्हणजे कलम '२२१(जी)'. हे दोन आकडी-अक्षरी शब्द इथल्या बाकांवर फार भीतीने उच्चारले जातात. पण तो कायमचा नकार नव्हे. काहीतरी कमी आहे किंवा आणखी तपास करायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. मागितलेले वर्षभरात दिले नाही तर मात्र प्रकरण रद्द होऊ शकते. तिच्या कागदावर लिहिले होते, की दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा सरकारी पुरावा द्यावा. नोटरीचे चालले नव्हते.

बाहेर आली तेव्हा वडिलांनी चेहरा पाहूनच ओळखले. काही विचारले नाही. "आधी चहा घेऊ," एवढेच म्हणाले.

सासूबाईंना फोनवर सांगितले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "माझीच चूक झाली गं. तुझं नाव चांगलं होतं तेच राहू द्यायचं होतं." "असू दे हो आई," ही म्हणाली, "मला दोन्ही आवडतात." मग महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात, त्याची प्रत, सासरच्या दोघा वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे, विवाह निबंधकांचे पत्र. सासऱ्यांनी स्वतः हेलपाटे घातले. महिन्याभरात कागद वकिलातीत पोहोचले आणि एप्रिलच्या अखेरीला पासपोर्ट परत आला. आत व्हिसा होता.

नवऱ्याने त्याच रात्री तिकीट काढले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन आला तो वेगळ्याच आवाजात. त्या तिकिटाने ती जेव्हा पोहोचली असती, तेव्हा लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाला अकरा दिवस बाकी राहिले असते. म्हणजे दोन वर्षांचे कार्ड, पुन्हा फोटो, पुन्हा पुरावे, पुन्हा फी. तेच तिकीट दोन आठवडे पुढे नेले तर दहा वर्षांचे. व्हिसावर वर्ग जुनाच छापलेला होता, पण तिकडच्या विमानतळावर लग्नाचा दाखला दाखवून तो बदलून घेता येतो.

"तू सांगशील तसं," तो म्हणाला. "मला तर आजच यावंसं वाटतंय घ्यायला."

तिने गच्चीवरून खाली येऊन आधी आजेसासूबाईंना विचारले. त्यांनी हिशेब नीट समजून घेतला, दोन वेळा विचारून खात्री केली आणि म्हणाल्या, "दोन वर्षं थांबलीस, अकरा दिवसांचं काय घेऊन बसलीस? वाढदिवसाला पुरणपोळी करू. तो तिकडून फोनवर बघेल. मग जा."

वाढदिवसानंतर दोन दिवसांनी ती निघाली. हातातल्या बॅगेत, सगळ्यात वर, राजपत्राची प्रत होती.